लढून उपयोग काय, असं विचारणाऱ्या वाचकास

नमस्कार. एस्टोनियाच्या सैन्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही भाबडा म्हटलंत. तेरा-चौदा लाख वस्तीच्या देशानं रशियासमोर फौज उभी करून काय होणार? रशियन रणगाडे फार तर ६० तासांत राजधानी टालिनच्या वेशीवर येतील, असा एका अमेरिकी अभ्याससंस्थेचा २०१६ चा अंदाजही तुम्ही दिलात. त्यापेक्षा तटस्थ राहावं, निदान माणसं तरी वाचतील, हा तुमचा मुद्दा.

एक चूक आधी मान्य करतो. एस्टोनिया एकट्याच्या बळावर टिकेल, असा अर्थ निघणारं वाक्य मी लिहायला नको होतं. त्यांच्याकडे लढाऊ विमानं नाहीत. २००४ मध्ये नाटोत गेल्यापासून त्यांच्या आकाशाची राखण मित्रदेश पाळीपाळीनं करत आले आहेत.

पण तटस्थतेनं माणसं वाचतात, हे मला पटत नाही, कारण एस्टोनियानं ते करून पाहिलं आहे. १९३८ मध्ये त्यांनी तटस्थतेचा कायदा केला. सप्टेंबर १९३९ मध्ये टालिन बंदरात अडकवून ठेवलेली ‘ऑर्झेल’ ही पोलिश पाणबुडी रात्रीच्या अंधारात, दोन एस्टोनियन पहारेकऱ्यांसकट निसटली. एस्टोनिया तटस्थ नाही असं म्हणायला मॉस्कोला तेवढं निमित्त पुरलं. २८ सप्टेंबरला दबावाखाली करार झाला आणि २५ हजार सोव्हिएत सैनिकांना देशात तळ मिळाले. जून १९४० मध्ये निर्वाणीचा इशारा आला, सरकारनं मान तुकवली. २१ जूनला टालिनच्या राउआ रस्त्यावर एस्टोनियाच्या सिग्नल बटालियननं, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन तुकडीनं, मात्र शस्त्रं खाली ठेवायला नकार दिला, काही तास गोळीबार झाला. बाकी देश शांत राहिला.

मग माणसं वाचली का? सरसेनापती लाइडोनर १९५३ मध्ये सोव्हिएत तुरुंगात वारले. १४ जून १९४१ ला सुमारे दहा हजार लोकांना घरांतून उचलून मालगाडीच्या डब्यांत कोंबून सोव्हिएत संघात दूर नेलं गेलं. मार्च १९४९ मध्ये आणखी वीस हजार, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. हे सगळं न लढलेल्या देशात झालं. हे आकडे वाचताना दरवेळी माझ्या पोटात खड्डा पडतो.

फिनलंड १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजेशी लढला. सुमारे २५ हजार सैनिक गेले, कारेलिया हा सीमेवरचा प्रदेशही गेला, पण देश राहिला. एस्टोनिया लढला असता तर तेच झालं असतं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामागे तेवढी जमीनच नव्हती.

आजच्या फौजेचं काम रशियाला हरवणं नाही. देश गुपचूप गिळता येऊ नये, गिळायला गेलंच तर ते उघड युद्ध ठरावं आणि कुमक पोचेपर्यंत वेळ मिळावा, एवढ्यासाठी ती आहे. त्यांच्या मोठ्या सरावाचं नावच ‘सील’, त्यांच्या भाषेत हेजहॉग, म्हणजे ओंजळीत मावेल असा काटेरी प्राणी. काइत्सेलीट या स्वयंसेवक दलातले कित्येक जण रायफल घरी ठेवतात. तो ६० तासांचा अंदाज आल्यानंतर, २०१७ पासून, टापाच्या तळावर ब्रिटिशांच्या नेतृत्वाखाली नाटोची तुकडी आहे. आता रशियाची गाठ पहिल्या तासापासून तिच्याशीही आहे.

रशियाच्या सीमेवरच्या नार्वा शहरातले लोक या देशाच्या बाजूनं उभे राहतील का, ही तुमची शंका मात्र खरी आहे. तिथं नदीच्या दोन काठांवर दोन देशांचे किल्ले समोरासमोर उभे आहेत, आणि अलीकडच्या काठावरचे बहुतेक लोक घरात रशियनच बोलतात. त्यांना हा देश आपला वाटेल की नाही, हे रायफलनं ठरणारं नाही. त्यावर मी लेखात एक ओळही लिहिली नव्हती.