कुसळशास्त्राचे प्राथमिक धडे

वर्तनशास्त्र कशासाठी शिकायचं, हे आधी पक्कं करून घ्या. स्वतःला सुधारायचा विचार असेल तर इथूनच मागे फिरा, कारण तो रस्ता लांबचा आहे आणि वाटेत टाळ्या वाजवायला कुणी उभं नसतं. हे शास्त्र इतरांसाठी असतं. ते ज्यांना लागू होतं ते सगळे इतर, आणि ज्यांना ते कळतं ते तुम्ही.

सुरुवात नावांपासून करा. कल्पना समजली नाही तरी चालेल, नाव तेवढं तोंडपाठ हवं. कुणी वाद घालायला लागलं की मुद्द्याला उत्तर देत बसायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "हा तुझा कन्फर्मेशन बायस बोलतोय." (म्हणजे आपल्या मताला दुजोरा मिळेल तेवढंच पाहायचा मनाचा कल.) एवढं म्हटलं की समोरच्याच्या हातातला पुरावा हा पुरावा राहत नाही, तो आजाराचं लक्षण होतो. आणि आजारी माणसाशी कुणी वाद घालतं का? त्याची फक्त कीव करायची असते.

जोडीला एखादा प्रयोग सांगता आला तर वजन आणखी वाढतं. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा १९६०मधला प्रयोग पाठ करून ठेवा. त्याने लोकांना २-४-६ हे आकडे दिले आणि सांगितलं, यामागे एक नियम आहे. तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवा, ती नियमात बसतात की नाही ते मी सांगतो. बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकलं की आकडे दोन-दोनने वाढताहेत. मग ८-१०-१२ विचारलं. बसतं. २०-२२-२४? बसतं. प्रत्येक होकाराबरोबर छाती इंचभर फुगली आणि शेवटी नियम जाहीर केला, तो चुकला. खरा नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. १-२-१७ विचारून पाहिलं असतं तर गाडी तिथेच अडली असती. पण आपलं म्हणणं खोटं पाडू शकेल असा प्रश्न आपणहून विचारायचं फारसं कुणाच्या मनात येत नाही. (या साऱ्या शास्त्रात मला हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. ना यंत्र, ना खर्च, तीन आकड्यांत माणूस उघडा.) हे सगळं रंगवून सांगून झालं की फोन उघडा आणि तुमच्या मताचीच चार माणसं काय लिहितात ते वाचा. त्याला बायस म्हणत नाहीत. चार सुज्ञ माणसं एकाच निष्कर्षाला पोचली, इतकंच.

अँकरिंगवर, म्हणजे आधी दिसलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जाण्यावर, लोक हमखास हसतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली लिहिलेल्या लेखात एक चाक आहे. ते फिरवलं की १०वर थांबायचं किंवा ६५वर, कारण तशी आधीच सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के? १० पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्यक (चढत्या क्रमाने मांडली तर मधोमध येणारं उत्तर) २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा संबंध काय, असं म्हणून मनसोक्त हसा. मग एखादी वस्तू विकत घ्या, कारण तिच्यावरची खोडलेली किंमत बरीच मोठी होती. किती पैसे वाचले ते घरी सांगा. घेतलीच नसती तर सगळेच वाचले असते, असं कुणी बोललं तर त्या व्यक्तीला या शास्त्राची सक्त गरज आहे.

वेळ चुकवणाऱ्यांसाठी प्लॅनिंग फॅलसी आहे, म्हणजे कामाला लागणारा वेळ नेहमी कमीच धरायची चूक. १९९४मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा. सगळंच बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५६. म्हणजे बिनसण्याचा अंदाजही बिनसला. भव्य उदाहरण हवं असेल तर सिडनीचं ऑपेरा हाऊस घ्या. ते ७० लाख डॉलरमध्ये १९६३ला उभं राहणार होतं, राहिलं १९७३ला, १० कोटी २० लाखांत. सहकाऱ्याचं काम रखडलं की ही उदाहरणं द्यायची. तुमचं रखडलं की परिस्थितीच तशी होती. त्याचा उशीर हा स्वभाव, तुमचा उशीर हा योगायोग. या भेदालाही शास्त्रात नाव आहे, पण ते मुद्दाम देत नाही. उगाच कुणीतरी तुमच्यावर वापरायचं.

सवयींच्या बाबतीत दोन आकडे जवळ बाळगा. पहिला २१. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६०मध्ये लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला 'किमान' गळाला, चेहराही गळाला, आणि कुठलीही सवय २१ दिवसांत लागते एवढंच उरलं. दुसरा आकडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या अभ्यासाचा, २००९चा. तिथे मध्यक ६६ दिवसांचा निघाला आणि माणसामाणसांतला फरक १८पासून २५४पर्यंत. इतरांना २१ सांगा. स्वतःसाठी २५४ राखून ठेवा, म्हणजे २५३ दिवस तुम्हाला नापास म्हणायचा कुणाला अधिकार नाही.

एक धोक्याचं वळण मात्र आहे. १९८१च्या एका पाहणीत ९३ टक्के अमेरिकन चालकांनी आपलं कौशल्य निम्म्या चालकांहून सरस असल्याचं सांगितलं. तुम्ही अर्थात खऱ्या सरसांपैकी. पुढे २००२मध्ये एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बायस इतरांत दिसतो तितका माणसाला स्वतःत दिसत नाही. आणि २०१२च्या एका अभ्यासात निघालं की हुशारी वाढली म्हणून ही आंधळी जागा काही आकसत नाही. हे वाचता वाचता तुमच्या डोळ्यांसमोर एक चेहरा आला असेल. त्याला हा परिच्छेद लगेच पाठवा.

त्याने उलटून "हे तर तुलाच लागू पडतं" असं कळवलं, तर शेवटचं अस्त्र काढायचं. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्याचा निकाल २०१५मध्ये आला: जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा परिणाम मिळाला. अर्जाच्या तळाशी सही करण्याऐवजी वरच सही घेतली तर माणसं खरं लिहितात, असं सांगणारा २०१२चा गाजलेला निबंध २०२१मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या एका प्रयोगाचे आकडे बनावट होते. प्रामाणिकपणावरचा निबंध! एवढं ऐकवून म्हणा, "या शास्त्रावर माझा फारसा विश्वासच नाही." ही शंका त्या संभाषणापुरतीच ठेवायची. संध्याकाळी दुसऱ्या कुणाशी तरी वाद होईल, तेव्हा २-४-६ लागणार आहे.