'बारा वर्षांच्या आत कुस्ती, कराटे काहीच नको' म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

दोन आठवड्यांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. म्हणणं थोडक्यात असं की बारा वर्षांच्या आतल्या मुलांना कुस्ती, ज्युदो, कराटे, बॉक्सिंग यातलं काहीच लावू नका, मेंदूला मार बसतो, उंची खुंटते, पोरं मारकुटी होतात, आणि खेळायचंच असेल तर फुटबॉल आहे की. सोबत थायलंडच्या एका मुलाची गोष्ट. माझ्या वहिनीनं हे वाचून पुतण्याची तालीम बंद करायचं ठरवलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी थायलंडचं. ते खरं आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये 13 वर्षांचा मुलगा मुए थायच्या (ठोसे-लाथांचा थाई खेळ) लढतीत डोक्याला मार लागून गेला, आठव्या वर्षापासून लढत होता आणि दीडशेच्या वर लढती झाल्या होत्या म्हणे. वाचताना पोटात खड्डा पडतो. पण तिथे डोक्यावर ठोसा, लाथ बसली की गुण मिळतात, डोकंही टार्गेट. अशा खेळाला लहान पोरांसाठी माझाही विरोध आहे, अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2011 मध्ये मिळून हेच सांगितलं की मुलांना आणि किशोरांना बॉक्सिंग नको. पण म्हणून त्याच पिशवीत कुस्ती कशी काय घातली? कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही, समोरच्याची पाठ मातीला लावायची एवढंच. आणि कराटेच्या क्लासात सात वर्षांचं पोर बहुतेक वेळ हवेतच हात मारत असतं.

आता, पकडीच्या खेळात धोका नाहीच असंही मी म्हणणार नाही, कारण जपानचा अनुभव डोळ्यासमोर आहे. तिथे शाळांमधल्या ज्युदोत तीसेक वर्षांत शंभरावर मुलं दगावली, बरीचशी डोकं आपटून, आणि त्यात नवखी मुलं खूप होती ज्यांना नीट पडायलाच शिकवलं नव्हतं. ज्युदो त्यांचा स्वतःचा खेळ, पण त्यांनी तो बंद केला नाही. 2022 मध्ये त्यांच्या ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंद केली, कारण जिंकण्याच्या नादात मोठी माणसं पोरांना नको तेवढं पिळत होती. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो, कारण घोळ बहुतेक वेळा इथेच होतो, खेळ शिकवण्यात नाही, पोराला लवकर जिंकवण्यात.

उंचीचंही तसंच. जोर, बैठका, सपाट्यांनी उंची खुंटत नाही, स्वतःच्या अंगाच्या वजनाचा व्यायाम आहे तो. वाढत्या वयात मारक आहे ते वजन तोडणं, म्हणजे स्पर्धेआधी घाईनं वजन उतरवणं. माझ्या ह्याच पुतण्याला शालेय स्पर्धेच्या आधी दीड दिवस पाणी तोडलं होतं, कशासाठी तर खालच्या गटात कुस्ती सोपी जाईल म्हणून! पोराचे ओठ फाटलेले, बोलायला त्राण नाही, आणि आम्ही घरचे कौतुकानं बघत होतो, हे आजही मला खातं. अमेरिकेत 1997 साली कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना महिन्याभरात मेले, तेव्हा कुठे नियम बदलले. मेसेजवाल्यांनी यावर एक ओळ लिहिली असती तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

मारकुटी होतात हे तर मला अजिबात पटत नाही. तालमीत गेल्या गेल्या कोणी डाव शिकवत नाही, आधी फावड्यानं माती उकरायची, कोलांट्या मारायच्या, मोठ्यांच्या पाया पडायचं, आणि रोज कोणाकडून तरी चितपट व्हायचं. रोज हरायची सवय लागलेलं पोर शाळेत कशाला हात उचलेल? जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या बघा, हरलेलं आणि जिंकलेलं पोर दोघं मिळून रेवड्या खात बसलेली असतात. पण वस्तादच शिवराळ असेल तर पोरही तसंच होणार, ते मान्य.

आणि फुटबॉल सुरक्षित म्हणता, तर अमेरिकेत 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर, म्हणजे डोक्यानं चेंडू मारायलाच बंदी घातली, डोक्याच्याच काळजीनं. फुटबॉल चालूच आहे, डोकं फक्त बाजूला काढलं.

खाशाबा जाधवांचं उदाहरण पण मेसेजला उत्तर म्हणून लोक देतायत, वडील पैलवान, लहानपणापासून कुस्ती वगैरे. बरोबर आहे, पण हेलसिंकी ऑलिंपिकचं ब्राँझ 1952 चं, तेव्हा ते 26 वर्षांचे होते. आठव्या वर्षी गदा आणायची घाई कोणालाच नको.

वहिनीला म्हटलं, तालीम बंद करायच्या आधी एकदा वस्तादांना जाऊन विचार, मानेवर पडतील असले डाव कधी शिकवता आणि वजन तोडायला लावता का. परवा जाऊन आली. धोबीपछाड आणि ढाक हे उचलून आपटायचे डाव चौदाव्या वर्षापर्यंत नाही, तोवर पट काढणं (पाय धरून पाडणं) आणि पडायला शिकणं एवढंच, आणि वजन ज्या गटात बसेल त्याच गटात खेळायचं, असं म्हणाले. पुतण्या सोमवारपासून परत जातोय.