सॉकमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांस

अभिनंदन! हिंजवडीतल्या आयटी सेवा कंपनीच्या सॉकमध्ये, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, तुम्ही एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीचे ॲनालिस्ट म्हणून चिकटलात. घरचे विचारतील, "म्हणजे हॅकर पकडतोस का रे?" बिनधास्त हो म्हणा. तिकिटं, म्हणजे अलर्टच्या नोंदी, बंद करतो म्हटलं तर लग्नाच्या बाजारात भाव पडतो.

आधी एसएलए, म्हणजे किती वेळात काय करायचं याचा क्लायंटशी झालेला करार, समजून घ्या. पी-वन, म्हणजे सर्वांत तातडीचं तिकीट १५ मिनिटांत उचलायचं असा करार असेल, तर चौदाव्या मिनिटाला 'असाइन टू मी' दाबा. डॅशबोर्ड हिरवा, मॅनेजर खूश, क्लायंट निवांत. तपास झाला की नाही हे मोजणारा रकाना त्या डॅशबोर्डवर नाही. मग आपणच तो मनातल्या मनात भरत बसण्यात काय हशील?

रात्री अडीचला विंडोजच्या नोंदींत इव्हेंट ४६२५ चा पूर येईल, म्हणजे फसलेले लॉगिन. घाबरू नका. बॅकअपच्या सर्व्हिस अकाउंटचा (माणसाचं नव्हे, प्रोग्रामचं खातं) पासवर्ड कोणीतरी बदललेला असतो आणि ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या शेड्यूल्ड टास्कमध्ये जुनाच राहिलेला असतो. सर्व्हर बिचारा दर मिनिटाला दार ठोठावतो. 'तपासले, धोका आढळला नाही' ही टीप नोटपॅडमध्ये तयार ठेवा आणि चिकटवा. सब-स्टेटसकडे, म्हणजे लॉगिन का फसलं ते सांगणाऱ्या कोडकडे, मात्र चुकूनही बघू नका. कोड ६ए वर संपत असेल तर युजर खरा, पासवर्ड चुकला. ६४ वर संपत असेल तर त्या नावाचा युजरच नाही. एकाच मशीनवरून दर वेळी नवं नाव आणि प्रत्येकाला ६४, म्हणजे कोणीतरी नावं चाचपतंय. त्यातच त्याच मशीनवरून ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, आणि मागोमाग ११०२, म्हणजे सिक्युरिटी लॉग ही नोंदवहीच पुसली गेली, असं दिसलं तर पुढची झोप गेली. जुना पासवर्ड असो की चोर, तिकिटाचं शीर्षक एकच असतं, मग टीपही एकच चालते.

तरीही रूल, म्हणजे अलर्ट देणारा नियम, फार वाजतोय? ॲडमिन म्हणेल, "आमचंच स्क्रिप्ट आहे, व्हाइटलिस्ट करा." करा. एक फाइल कशाला, अख्खा टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर सूट देऊन टाका आणि मुदतीची तारीख रिकामी ठेवा. मालवेअरलाही कुठेतरी बसायला जागा हवीच.

फायरवॉलचे लॉग येणं बंद झालं तर त्याला शांतता म्हणतात. लॉग नाही, अलर्ट नाही, महिन्याच्या अहवालात 'घटनांत लक्षणीय घट'. लॉग पाठवणारा सोर्स बंद पडला की वाजणारा रूल लिहायला अर्धा तास पुरतो, म्हणूनच तो कोणी लिहीत नाही.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा बाऊ करू नका. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. 'लक्षात आल्यापासून' हे शब्द नीट वाचा. लक्षातच येऊ दिलं नाही तर घड्याळ चालूच होत नाही. शिवाय १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि सगळ्या सर्व्हरची घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, जुळवायची आहेत. एवढं करूनही एक सर्व्हर यूटीसीत (जागतिक वेळेत) आणि दुसरा आयएसटीत (भारतीय वेळेत) असला की चोर आत शिरण्याआधी साडेपाच तास बाहेर पडलेला दिसतो. ऑडिटरला हे समजावताना तुमचं कथाकथन सुधारेल.

कधी सद्सद्विवेक जागा झालाच तर वर कळवा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट कंपनीच्या बंगळुरूच्या टीमने अलर्ट पाहून मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलं होतं. तिथे कोणी हललं नाही आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील गेला. तुम्ही मात्र मेल जपून ठेवा. सुरक्षा कंपनीची असते, पुरावा ज्याचा त्याचा.

शुक्रवारचं हँडओव्हर एका ओळीत आटपा: 'विशेष काही नाही.' पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे सायबर हल्ल्यात २०१८ साली ११ ऑगस्टपासून जायला लागले. वार शनिवार होता, पण तुमच्या शिफ्टच्या तक्त्यात शनिवारी एकच माणूस असतो, तोही रजेवर.

आणि सगळं उघडकीला आलंच, तर आरसीएमध्ये, म्हणजे मूळ कारणाच्या अहवालात, 'मानवी चूक' लिहून नव्या टूलची शिफारस करा. टूल येईल. त्याच माणसांना दुप्पट अलर्ट येतील. चौदाव्या मिनिटाला 'असाइन टू मी' तिथेही असतं, फक्त बटण उजवीकडे.