सायकल वर नेता येणार नाही

सायकलवरून लांब फिरायला जातो म्हटलं की लोक घाटाची, उन्हाची आणि पंक्चरची चौकशी करतात. ते सगळं सोसतं हो. खरी चढण लागते संध्याकाळी, लॉजच्या काउंटरपाशी.

कोकणातला सागरी रस्ता हा आम्हा सायकलवाल्यांचा जीव की प्राण. खाडी आडवी आली की फेरीबोट. तवसाळहून जयगडला येताना बोटीवर मोटारी होत्या, टेम्पो होता, मोटरसायकली होत्या आणि त्यांच्यात आमच्या दोन सायकली. कुणी हटकलं नाही. उलट एका खलाशानं स्वतः दोन्ही सायकली कठड्याला नीट टेकवून दिल्या. मग गणपतीपुळे, आरे-वारेचे चढउतार, आणि दिवेलागणीला रत्नागिरी. खाडी पार करून आलेली सायकल तिथे एका लॉजच्या पायरीवर अडली.

"सायकल वर नेता येणार नाही."

"का?"

"आजवर कुणी नेली नाही."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, "अहो, महागाची आहे." मॅनेजरनी चष्म्यावरून पाहिलं. "कितीची?"

इथे तोंड उघडायचं नसतं. खरा आकडा सांगितला तर समोरचा आधी हसतो, मग टायर दाबून बघतो आणि मग "एवढ्यात सेकंडहँड बुलेट आली असती" म्हणतो. कमी सांगितला तर "मग खाली ठेवायला काय झालं?" शिवाय घरी सांगितलेला आकडा तिसराच असतो, आणि सोबतचा मित्र आमच्या घरी जेवायला येणारा असतो.

"वॉचमन आहे की!" मॅनेजर म्हणाले. वॉचमन होते. खुर्चीत, हनुवटी छातीवर टेकवून. "आमच्याकडे फॉर्च्युनर उभ्या असतात रात्रभर."

फॉर्च्युनर खांद्यावर टाकून कुणी नेत नाही, हे त्यांना कसं सांगावं! आमच्या सायकलीचं सगळं कौतुक ती हलकी आहे याचंच. वर पुढच्या चाकाला खटका. तो ओढून दोन फेरे फिरवले की चाक हातात. म्हणजे भुरट्याची सोय कंपनीनंच करून ठेवलेली.

शेवटी तह झाला. चाकं पुसायची. बाथरूममध्ये धुवायची नाही. भिंतीला टेकवायची नाही, गादीला टेकवायची नाही. या जातीच्या सायकलीला स्टँड नसतो, हे मी तहानंतरही सांगितलं नाही.

लिफ्टमध्ये पाटी होती : '४ व्यक्ती, २७२ किलो'. वजनात आम्ही आरामात बसत होतो, लांबीत नाही. सायकल मागच्या चाकावर उभी केली. हँडल बगलेत, पेडल नडगीवर आणि पुढचं चाक नाकासमोर गरगरतंय, त्याची पुसायची राहिलेली लाल माती माझ्या मिशीत. पहिल्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर नटूनथटून निघालेलं एक कुटुंब. त्यातल्या आजींनी आधी चाकाकडे पाहिलं, मग चाकामागच्या माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. आम्हाला खाली जायचंय." जिना शेजारीच होता, मित्राची सायकल त्याच्या खांद्यावर बसून तिथून वर चाललीच होती.

खोलीत डबल बेड होता आणि उरलेल्या पट्टीत दोन सायकली. बाथरूमला जायचं तर एक सायकल उचलून गादीवर घ्यायची, दार उघडायचं तर दुसरी. चादर पांढरीशुभ्र. लॉजवाल्यांना पांढऱ्या रंगाचं काय एवढं प्रेम असतं कोण जाणे. चेनचं वंगण पोटरीला लागलं की चक्राच्या दात्यांसकट ठसा उमटतो, आणि चादरीचे पैसे बिलात लागतात. त्यासाठी मी एक जुनी लुंगी बाळगतो. माझ्या अंगाला ती कधी लागलेली नाही, ती सायकलीची. रात्री मित्र उठला तेव्हा त्याच्या धक्क्यानं सायकल पुढे सरकली नि मागच्या चाकातून 'टर्रर्र' असा जो आवाज निघाला, त्यावर शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

सकाळी दारावर टकटक. म्हटलं, झालं, तक्रार गेली. दार फटीएवढंच उघडलं, त्याहून जास्त उघडत नव्हतंच. बाहेर मॅनेजर. हातात पोराची सायकल, दोन्ही टायर बसलेले.

"पंप असेल ना तुमच्याकडे? शाळेला उशीर होतोय त्याला."

आमच्या सायकलींना बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असतो, पण त्याचा पंप साध्या सायकलीलाही चालतो. मी म्हटलं, "आणा आत. पण टेकवायला जागा नाही."

त्यांनी खोलीवर एक नजर फिरवली आणि सायकल, न पुसता, माझ्या बाजूच्या गादीवर आडवी घातली.

"पुढच्यात जरा जास्त मारा," म्हणाले. "त्यातली लवकर उतरते."