एक्सेलप्रमाणे चारधाम

यंदा स्वतःच्या गाडीने चारधाम करायचं ठरवलंत, हे फार उत्तम झालं. यात्रा कंपनीबरोबर जाण्यात काही राम नाही. ते लोक दुपारी जेवायला थांबतात, रात्री झोपू देतात, वर कोणाला धाप लागली तर मुक्काम वाढवतात. आपल्याला एवढा वेळ कुठला? सात रजा आणि दोन शनिवार-रविवार मिळून तुमच्या हाताशी अकरा दिवस. पुणे ते हरिद्वार सोळा-सतराशे किलोमीटर, म्हणजे जायला दोन, यायला दोन. उरले सात. हरिद्वारहून निघणारे लोक चार धामांना दहा-बारा दिवस लावतात, पण त्यांनी कधी हिंजवडीत नोकरी केलेली नसते.

तेव्हा पहिलं काम एक्सेल. यमुनोत्री निळ्या रंगात, केदारनाथ भगव्या. ‘चहा’ बारा मिनिटं, ‘दर्शन’ चाळीस, ‘फोटो’ पंचेचाळीस. ‘दरड’ असा रकाना चुकूनही ठेवू नका. ठेवला की ती कोसळते. ‘विश्रांती’ हा रकाना धुळ्याच्या अलीकडेच संपवून टाका. ही सगळी यात्रा मुळात आईंसाठी आहे, हे सोसायटीत प्रत्येकाला आवर्जून सांगा. आईंना एक्सेल दाखवायची गरज नाही.

यात्रेसाठी उत्तराखंड सरकारकडे नोंदणी करावी लागते. ती सामान्य माणसांसाठी. तुमच्या मेहुण्याचा बॅचमेट डेहराडूनला असतो, तो ‘बघतो’ म्हणालेला आहे. त्याच्या भरवशावर थेट ऋषिकेशपर्यंत जा आणि मग रांगेत उभं राहून व्यवस्थेवर बोला. रांगेत आणखी एक कोथरूडकर भेटेलच. त्याचाही मेहुणा असेल.

सामानात दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि पोह्यांची पाकिटं घ्या. पहाडात काही ढाब्यांवर मंडव्याची रोटी मिळते. ती खाऊ नका, काळपट असते. मंडवा म्हणजे आपली नाचणीच, पण नाचणी कशी, कर्वे रस्त्यावर बिस्किटाच्या डब्यात महाग मिळाली की पौष्टिक लागते. ढाब्यात शिरल्या शिरल्या पोहे आहेत का, हे विचारायचं. नसतील तर त्या माणसाला ते कसे करतात ते सांगायचं. त्याच्यामागे चाळीस गिऱ्हाइकं उभी असतील. त्यांनाही उपयोग होईल.

गाडी कोण चालवणार, यावर चर्चा नको. तुम्ही वीस वर्षं ताम्हिणी आणि वरंधा घाट मारलाय. पहाडात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची पद्धत आहे, म्हणून काही आपण बाजूला उभं राहायचं नसतं. दिवे मारायचे. सीमा सडक संघटनेच्या सुरक्षेच्या पाट्या लागतील. त्या वाचून ‘ठीक आहे, पण सदाशिव पेठेची धार नाही’ असं म्हणायचं आणि त्यात जे लिहिलंय ते करायचं नाही.

यमुनोत्रीच्या वाटेवर सिल्क्याराचा बोगदा येतो. वीसेक किलोमीटरचा वळसा वाचावा म्हणून तो खोदत असताना १२ नोव्हेंबर २०२३ ला आतला भाग ढासळला आणि ४१ मजूर सतरा दिवस अडकून पडले. तिथून जाताना घड्याळाकडे बघा आणि ‘इन्फ्रास्ट्रक्चर अजून पाहिजे तसं नाही’ एवढं म्हणा. जानकीचट्टीपासून पुढे पाच-सहा किलोमीटर चढ आहे. वर सूर्यकुंडाच्या गरम पाण्यात फडक्यात बांधलेले तांदूळ शिजवून प्रसाद करतात. तुमच्या पोटलीला एक्सेलमध्ये वेळ नाही, शेजारच्याची मागून घ्या.

गंगोत्रीला फार रेंगाळायचं कारण नाही. नदी हरिद्वारलाही बघितलीच आहे.

दरडीचा प्रश्न मात्र नीट समजून घ्या. गढवालातल्या (काश्मीरच्या नव्हे) श्रीनगर ते रुद्रप्रयागच्या मध्ये सिरोबगड म्हणून जागा आहे, तिथे डोंगर वर्षानुवर्षं खाली येतो आहे. समोर गाड्यांची रांग लागलेली दिसेल. तुमच्या पुढच्या जीपचा गढवाली ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरेल, डोळ्यांवर हात धरून वरच्या कपारीकडे बघत राहील. बारीक खडी सुटायची थांबली का, तो एवढंच बघत असतो. पलीकडे जेसीबीवाला बकेट वर धरून तसाच बसलेला. कोणी काही बोलत नाही. हीच ती वेळ. चांदणी चौकात शिकलेली विद्या इथे वापरायची: उजवीकडून गाडी काढून थेट रांगेच्या तोंडाशी न्यायची. तुमच्या मागे आणखी चौघं येतील, त्यांत दोन एमएच-बारा असतील. आता समोरून येणाऱ्यांना जागा उरली नाही आणि जेसीबीला मागे सरता येत नाही. मग काच खाली करून त्या ड्रायव्हरला विचारायचं, ‘भैया, इधर मॅनेजमेंट कौन देखता है?’

आता केदारनाथ. मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, पुणं साडेपाचशेच्या आसपास. तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीराला सवय व्हावी म्हणून डॉक्टर वाटेत थांबत थांबत चढायला सांगतात. तुम्ही आतकरवाडीतून सिंहगड पंचेचाळीस मिनिटांत चढता, त्यामुळे हा सल्ला तुम्हाला लागू नाही. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, की पित्त समजून आवळासुपारी खा. आईंनाही द्या.

गाडी सोनप्रयागला सोडावी लागते. पुढे गौरीकुंडापर्यंत तिथल्या जीप, आणि मग सोळा-सतरा किलोमीटरची चढण. आईंना खच्चर लागेल. प्रीपेड काउंटरवर दर लिहिलेला असतो, तरी घासाघीस करायचीच. मंडईत सवय झालेली असते, ती अशी एकाएकी सुटत नाही. खच्चरवाला पोरगा विशीतला. पायात गमबूट, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद, आणि काल रात्री तो वरूनच उतरलेला. त्याच्याशी पन्नास रुपयांवरून पंधरा मिनिटं बोला. पैसे कमी झाले नाहीत तर त्याला शिक्षण का सोडलं ते विचारा. वाटेत चिखल आणि लीद एकजीव झालेली असेल, त्यावरून त्याला स्वच्छतेचं महत्त्वही सांगता येईल. खच्चर दमलंय, थोडं थांबू, असं तो म्हणाला तर एक्सेल दाखवा.

जून २०१३ च्या पुरात या वाटेवरचं रामबाडा गाव वाहून गेलं. मंदिरामागे अडलेल्या मोठ्या शिळेने पाण्याचा लोट दोन्हीकडे फुटला आणि देऊळ वाचलं. तिला आता भीमशिला म्हणतात, नमस्कार करतात. तुम्ही तिच्यासमोर उभं राहून हिमालयात इतकं बांधकाम कसं करू देतात यावर पोटतिडकीने बोला, आणि रात्री गरम पाणी, टीव्ही व वायफाय असलेली खोली नसल्याबद्दल हॉटेलवाल्याशी भांडा. देवळाच्या पन्नास मीटरच्या आत रील करायला २०२४ पासून बंदी आहे. एक्कावन्नावा मीटर पावलांनी मोजून घ्या. गर्भगृहात माणसाला काही सेकंद मिळतात. ते ‘झालं का, चला’ या आवाजात जातात. तो आवाज पुजाऱ्याचा असेलच असं नाही.

बद्रीनाथला तप्तकुंडात अंघोळ, माणा गावात पाटीजवळ फोटो, दुपारच्या आत परत. येताना जोशीमठ लागतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या घरांना भेगा पडून लोकांना घरं सोडावी लागली. तुमच्या दृष्टीने तिथे पेट्रोल पंप आहे.

उतरताना देवप्रयाग. हिरवट-निळी भागीरथी आणि गढूळ अलकनंदा एकमेकींत मिसळतात, तिथून पुढे गंगा म्हणायचं. आईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही मागितलेलं असेल: खाली पायऱ्यांवर जाऊन जरा पाण्यात पाय बुडवून बसायचं. उतरून परत चढायला त्यांना तासभर तरी लागणार, आणि संध्याकाळी हरिद्वार, पहाटे आग्रा. गाडी वरच्या रस्त्यावर दोन मिनिटं बाजूला घ्या. काच खाली करून द्या. इथूनही छान दिसतं.

घरी आल्यावर मावंदं थाटात घाला. हॉल घ्या, शंभर-दीडशे पानं होऊ द्या, गंगेचा गडू पूजेला मांडा. बायका आईंभोवती बसून विचारतील, कसं झालं हो दर्शन? आई बोलायला सुरुवात करतील तेवढ्यात तुम्ही पुढे या आणि सांगा की घाटातसुद्धा गाडीने सोळाचं अ‍ॅव्हरेज दिलं. फास्टॅगचं स्टेटमेंट मोबाइलवर काढून ठेवलेलं बरं, मागतात लोक. पुढच्या वर्षी काय, असं कोणी विचारलंच तर आदि कैलास म्हणून टाका. त्याला धारचुल्याला इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेलगत जायचा परवाना लागतो, पण मेहुण्याचा तो बॅचमेट आहेच.