'सुनावणी म्हणजे नाटक' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चिपळूण-गुहागरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: 'राज्याचं वीज धोरण मंत्रालयातल्या एका खोलीत ठरतं. दरही मंत्रीच ठरवतात. वीज आपल्या पोफळीत तयार होते, पण आपल्याला स्वस्त मिळत नाही. एन्रॉन आठवा! सुनावण्या हे नाटक, हरकती लिहून काही होत नाही.' माझ्या ओळखीच्या जाणत्या माणसांनी तो पुढे पाठवलाय, म्हणून हे लिहितेय. (सुनावणी म्हणजे दर ठरण्याआधी वीज नियामक आयोग लोकांचं म्हणणं ऐकतो ती.)

आधी ती 'एक खोली'. वीज हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदे करू शकतात. राज्य आपलं धोरण करतं, जसं २०२० चं अपारंपरिक ऊर्जा धोरण, पण केंद्राच्या २००३ च्या वीज कायद्याच्या चौकटीत. अणुऊर्जा तर पूर्णपणे केंद्राकडे. माडबनला (जैतापूर प्रकल्पात) अणुभट्ट्या आणायचं मंत्रालयात ठरलं नाही. राज्याने जमीन संपादून दिली. आणि दर ठरवतो तो वीज नियामक आयोग, मंत्री नव्हे. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर कलम ६५ प्रमाणे तेवढे पैसे तिजोरीतून आगाऊ भरावे लागतात. धोरणाबाबत आयोगाला निर्देश द्यायचा अधिकार सरकारला आहे, हेही खरं.

एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या वीजप्रकल्पाबद्दल मात्र मेसेज लिहिणाऱ्याची चीड मला पटते. (प्रकल्पाला दाभोळचं नाव असलं तरी तो खाडीच्या अलीकडे, आपल्या गुहागर तालुक्यात, अंजनवेलला आहे.) १९९२ मध्ये सामंजस्य करार, १९९३ मध्ये वीजखरेदी करार, आणि तोही स्पर्धात्मक निविदा न काढता. १९९५ मध्ये सरकारने तो रद्द केला, पुढच्याच वर्षी नव्या अटींवर पुन्हा मान्य केला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये महागड्या दरावरून प्रकल्प बंद पडला. हे सगळं बंद दाराआडच झालं. पण करार झाला तेव्हा राज्यात आयोगच नव्हता. तो १९९९ चा. आज वितरण कंपनीचा वीजखरेदीचा करार आयोगापुढे न्यावा लागतो. एन्रॉनचा दाखला द्यायचा तर तो सुनावणीच्या बाजूने द्यायला हवा.

पोफळीच्या कोयना वीजगृहातली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे सगळीकडच्या सामायिक वीजजाळ्यात जाते, तिच्यावर गावाचं नाव राहत नाही. महावितरणचा दर तिच्या सगळ्या क्षेत्रात एकच असतो. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, लांबच लांब लाइन, अर्धी घरं मुंबईला गेलेली: कोकणाचा दर वेगळा काढला तर तो आपल्याला झेपेल असं मला वाटत नाही.

राहिल्या सुनावण्या. दराची याचिका जाहीर करून लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेणं कलम ६४ नुसार आयोगावर बंधनकारक आहे. आदेशात हरकत, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत छापलेलं असतं. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्था वर्षानुवर्षं आकडे घेऊन तिथे उभ्या राहतात. कोकण विभागाची सुनावणी नवी मुंबईत ठेवतात, ही गोष्ट मला खरोखर खटकते. सावंतवाडीच्या माणसाने एवढ्या लांब कसं यायचं? ऑनलाइन बोलायची सोय झाली आहे, पण ती रेंज असलेल्यांना.

२०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते, दोन्ही वादळांनी आपले खांब आडवे केले. किनाऱ्यावर भूमिगत केबल टाकायच्या की पुन्हा तेच खांब उभारायचे, हा खर्चही आयोगापुढेच जातो. पुढच्या याचिकेत मी त्यावर हरकत लिहिणार आहे, आणि सुनावणी रत्नागिरीत घ्या अशी मागणीही. ज्यांना सोबत सही करायची आहे त्यांनी कळवा.