दर महिन्याला कार्ट्रिज फेकायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘हँग ऑन बॅक फिल्टरचे सहा सोनेरी नियम’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला. हँग ऑन बॅक म्हणजे माशांच्या टाकीच्या मागच्या काचेवर टांगायचा डबा: तो सोंडेसारख्या नळीने पाणी ओढतो, गाळतो आणि धबधब्यासारखं परत टाकीत सोडतो. तिने तो मनापासून पाळला. फिल्टरचं जुनं कार्ट्रिज (पाणी गाळणारा, आत सरकवायचा तुकडा) कचऱ्यात टाकलं, कोरं बसवलं, आणि दोन-तीन दिवसांत तिचे गप्पी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले. “मावशी, मी सगळं त्यात लिहिल्याप्रमाणेच केलं गं,” असं ती रडवेल्या आवाजात सांगत होती. तिची काहीच चूक नाही. चूक हा मेसेज लिहिणाऱ्याची आहे आणि न तपासता पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाची आहे.

मेसेजमधले सहा नियम थोडक्यात असे: (१) टाकीच्या दहापट फ्लोचा, म्हणजे ताशी तितकं पाणी फिरवणारा फिल्टर घ्या, जितका जास्त तितका चांगला; (२) कार्ट्रिज दर महिन्याला फेका, जुनं विषारी होतं; (३) चांगला फिल्टर असेल तर पाणी बदलायची गरज नाही; (४) एअर पंप लागत नाही; (५) रात्री फिल्टर बंद ठेवा, माशांना झोप हवी; (६) विकत मिळणारे बाटलीतले जिवाणू ओता आणि त्याच दिवशी मासे सोडा.

सुरुवात दुसऱ्या नियमापासून करते, कारण मासे त्यानेच मरतात.

मासे अमोनिया टाकतात, मुख्यतः कल्ल्यांमधून. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. काही सूक्ष्मजीव या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि पुढे त्याचं नायट्रेट होतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक आहेत, नायट्रेट बरंच सौम्य. हे सूक्ष्मजीव पाण्यात मोकळे फिरत नसतात. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात, आणि जिथून सतत ऑक्सिजन असलेलं पाणी वाहतं ती जागा त्यांना सर्वांत मानवते. ती जागा म्हणजे फिल्टरमधला स्पंज, फायबर, सिरॅमिक रिंग. लहान हँग ऑन बॅक फिल्टरमध्ये बहुतेक वेळा एकच कार्ट्रिज असतं, म्हणजे ही सगळी वस्ती त्या एका तुकड्यावर. तोच तुकडा फेकला की टाकी एका मिनिटात जवळजवळ नव्या टाकीइतकी कच्ची होते. फरक इतकाच की नव्या टाकीत मासे नसतात, इथे ते आहेत आणि अमोनिया टाकतच आहेत.

यावर एक अभ्यास प्रत्येक मासे पाळणाऱ्याला माहीत असायला हवा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात गोड्या पाण्याच्या २७ अ‍ॅक्वेरियम फिल्टरांची तपासणी प्रसिद्ध केली. अमोनिया पचवण्याचं जनुक कोणाकडे आहे, हे त्यांनी मोजलं. २७ पैकी २३ फिल्टरांमध्ये जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्या कुळातल्या सूक्ष्मजीवांचं पारडं जड निघालं, आणि १२ फिल्टरांमध्ये तर ते जनुक फक्त आर्कियांचंच सापडलं. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतो तो तपकिरी, बुळबुळीत थर, आणि मेसेज लिहिणारा त्यालाच ‘विष’ म्हणतो. ही वस्ती वाढतेही फार सावकाश. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, अमोनिया पचवणाऱ्यांना एकदा दुप्पट व्हायला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. दर महिन्याला कार्ट्रिज फेकणारा माणूस दर महिन्याला ती उलटी मोजणी पहिल्यापासून सुरू करतो.

शिवाय सगळ्या टाक्यांना सारखाच धोका नसतो. पंचवीस अंश तापमानाला पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग जहाल रूपात असतो. पीएच ८ असेल तर तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. टेस्ट किटवर रंग सारखाच दिसतो, पण एका टाकीतले मासे निभावतात आणि दुसरीतले जातात. मग “मी तर नेहमी फेकते, मला काही होत नाही” असं कोणी म्हणालं तर त्यावरून नियम बनत नाही.

अर्धं खरं आहे तेवढं मान्य करते. कार्ट्रिजमधला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे शोषून घेणारा खास कोळसा, काही आठवड्यांत थकतो. पण थकला म्हणजे त्याचं शोषणं थांबतं, त्यातून विष तयार होत नाही. आणि मुळात कार्बनचं काम पाण्याचा पिवळेपणा, वास आणि उपचारानंतर उरलेलं औषध काढणं. अमोनिया तो काढत नाही. रोजच्या टाकीला तो नसला तरी चालतो. फायबर गाळाने भरलं तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळून घ्या. नळाखाली धुऊ नका, त्यातलं क्लोरीन सूक्ष्मजीवांना मारतं. अगदी फाटलंच असेल तर नवीन तुकडा जुन्याशेजारी काही आठवडे ठेवा आणि मगच जुना काढा.

म्हणूनच फिल्टर निवडताना मी आधी डब्याच्या आत बघते. स्पंज आणि रिंग भरायला मोकळी जागा आहे का? की फक्त त्या कंपनीचं कार्ट्रिज सरकवायची खाच आहे? पहिल्या प्रकारचा फिल्टर वर्षानुवर्षं चालतो. दुसरा घेतला तर कार्ट्रिज विकणाऱ्याचा फायदा होतो, आणि ‘दर महिन्याला’ हा आग्रह कुठून येतो तेही कळतं. जागा असलेल्या डब्यात आधी जाड स्पंज, मग रिंग, एवढं पुरतं.

आता फ्लो. खोक्यावरचा लिटर प्रति तास हा आकडा सहसा रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज भरला, त्यात गाळ साठला, की प्रत्यक्ष फ्लो बराच उतरतो. म्हणून थोडा मोठा फिल्टर घ्या, हे बरोबर. ताशी टाकीच्या चार ते सहा पट हा रूढ अंदाज बहुतेक टाक्यांना पुरतो, गोल्डफिशसारख्या घाण करणाऱ्या माशांना जास्त लागतो. पण ‘जितका जास्त तितका चांगला’ हे साफ चूक. लांब परांचा फायटर मासा दहापट फ्लोमध्ये दिवसभर प्रवाहाशी झुंजत राहतो, आणि पिल्लं व श्रिम्प सोंडेत ओढले जातात. फ्लो कमी करायची खटकी असलेलाच फिल्टर घ्या आणि सोंडेला स्पंज लावा. कार्ट्रिज तुंबलं तर पाणी त्याच्या कडेने निसटून न गाळता परत टाकीत पडतं, तेव्हा नुसत्या धबधब्याच्या जोरावर समाधान मानू नका.

पाणी बदलायची गरज नाही? नायट्रेट कोणताही साधा हँग ऑन बॅक काढत नाही. झाडं थोडं घेतात, बाकी पाणी बदलूनच जातं. विषय संपला.

एअर पंपाबद्दलचं बोलणं बऱ्याच अंशी खरं आहे, नाइलाजाने म्हणते. धबधब्याने पृष्ठभाग ढवळला की ऑक्सिजन तिथूनच विरघळतो. पण पाणी गरम झालं की ते ऑक्सिजन कमी धरतं, वीस अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तीस अंशांना साधारण साडेसात. दाटीच्या टाकीत, उन्हाळ्यात किंवा वीज गेल्यावर बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी असलेला बरा.

आणि रात्री फिल्टर बंद ठेवायचा सल्ला तर या सगळ्यावर पाणी फिरवतो. रात्री झाडंही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे झाडांच्या टाकीत पहाटे तो सर्वांत कमी असतो. नेमक्या त्याच वेळी ढवळणं बंद करायचं, आणि डब्यातल्या सूक्ष्मजीवांनाही साचलेल्या पाण्यात गुदमरवायचं! आवाजाने झोपमोड होत असेल तर पाण्याची पातळी धबधब्याच्या ओठापर्यंत भरा आणि इम्पेलर (पाणी ओढणारं फिरतं पातं) काढून पुसा. बहुतेक खडखड तिथलीच असते.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल: वर सांगितलेल्या अभ्यासात दोन विकतच्या बाटल्याही तपासल्या होत्या. त्यांत जिवाणूंचं जनुक भरपूर होतं, आर्कियांचं अजिबात सापडलं नाही. त्यावरून प्रत्येक बाटली निरुपयोगी ठरत नाही. पण त्याच दिवशी मासे सोडण्याचा भरवसा कोणतीही बाटली देऊ शकत नाही. ओळखीतल्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवणं जास्त खात्रीचं. मासे सोडायचे ते टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावर.

आता, निवडताना ज्याची खरी अडचण होते ते या मेसेजमध्ये कुठेच नाही. मागच्या काचेची जाडी आणि कडेची पट्टी मोजा, टाकी आणि भिंतीमध्ये डबा मावेल का बघा, आणि झाकणाला मागे खाच आहे की कापावी लागेल ते आधी ठरवा. वायर प्लगकडे नेताना तिला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल.